जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन: बसते कसे, चालते कसे आणि कायद्यात कुठे अडते

महिंद्रा कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशके त्या गाडीचा मूळ आराखडा फारसा न बदलता ती इथेच बनत राहिली. त्यातले सर्वांत ओळखीचे मॉडेल म्हणजे उंच बॉनेटची सीजे-३बी. अमेरिकेत ते १९५३ ते १९६८ या काळात बनले, आपल्याकडे त्याचे आयुष्य त्याहून पुष्कळ लांबले. सरकारी खात्यांच्या लिलावांतून बाहेर पडलेल्या अशा जीप शेतकऱ्यांकडे, ठेकेदारांकडे आणि हौशी मंडळींकडे गेल्या, आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येने गाड्यांचे मूळ पेट्रोल इंजिन काढून तिथे डिझेल इंजिन बसवले गेले. कारण उघड होते. १९८० आणि १९९० च्या दशकांत इंधनाचे दर सरकार ठरवत असे आणि डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त मिळे, तर जीपचे कार्बोरेटरवाले इंजिन पेट्रोल पिण्यात कुणाला हार जाणारे नव्हते.

आजही जुनी जीप हाती आली की पहिला विचार डिझेलचाच होतो, आणि विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, ‘कोणते इंजिन बसेल?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. वेल्डिंग मशीन, लेथ आणि पुरेसा वेळ असेल तर बॉनेटखाली मावणारे कोणतेही इंजिन बसते. ते इंजिन मिनिटाला किती फेरे घेते आणि गाडीतले गिअर त्या फेऱ्यांसाठी कापलेले आहेत का, यावर त्या जीपचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. म्हणून आधी मूळ इंजिन नीट समजून घ्यायला हवे.

सीजे-३बीमधले हरिकेन इंजिन चार सिलिंडरचे आणि २१९९ सीसीचे आहे. त्यातले इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. (डिझेल बसवणाऱ्यांना ही उंची आयती मिळते, सपाट बॉनेटच्या जुन्या लष्करी जीपमध्ये तेच काम जास्त अडचणीचे होते.) सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, १११.१ मिलिमीटर. व्यासापेक्षा स्ट्रोक इतका लांब असलेले इंजिन पळण्यासाठी नव्हे, तर कमी फेऱ्यांत ओढण्यासाठी केलेले असते. कंपनीच्या आकड्यांनुसार त्याची शक्ती ४००० फेऱ्यांना ७२ हॉर्सपॉवर आणि टॉर्क २००० फेऱ्यांना सुमारे १५५ न्यूटन-मीटर आहे. टॉर्क म्हणजे इंजिन चाकाला पीळ देते ती ओढ, आणि हॉर्सपॉवर म्हणजे ती ओढ किती वेगाने देता येते त्याचे माप.

आता या जागी जे इंजिन सर्वांत जास्त वेळा आले, त्याच्याकडे पाहू. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याखाली महिंद्राने बनवलेले एक्सडीपी ४.९० हे इंजिन २११२ सीसीचे आहे. व्यास ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३ मिलिमीटर, शक्ती ४५०० फेऱ्यांना सुमारे ६२ हॉर्सपॉवर आणि टॉर्क सुमारे १२० न्यूटन-मीटर. म्हणजे डिझेल घातले की ओढ वाढते, हा गॅरेजमधला ठाम समज इथे कागदावरच खोटा ठरतो. त्या काळचे अमेरिकी आकडे पंखा, डायनॅमो, सायलेन्सर न जोडता मोजलेले असत, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका मोठा नाही; पण टर्बो नसलेले दोन लिटरचे डिझेल इंजिन तेवढ्याच आकाराच्या लांब स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनापेक्षा जास्त ओढते असे मानायला काही आधार नाही. शिवाय प्यूजोचा स्ट्रोक व्यासापेक्षा आखूड आहे, म्हणजे ते मुळात फेरे घेऊन काम करणारे इंजिन आहे.

मग डिझेल जीप चढावर इतकी समजूतदार का वाटते? याचे उत्तर गव्हर्नरमध्ये आहे. पेट्रोल इंजिनात आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवेच्या वाटेतली एक झडप उघडते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल आत जाते. डिझेल इंजिनात हवा बहुधा मोकळीच आत येते. कमी-जास्त केले जाते ते फक्त इंधन, आणि ते किती सोडायचे हे पंपातला गव्हर्नर ठरवतो. दगड चढताना इंजिनावर भार आला आणि फेरे ७५० वरून ७०० वर घसरले, की पायाने काहीही न करता गव्हर्नर थोडे जास्त डिझेल सोडतो आणि फेरे सावरतो. उतारावर फेरे वाढू लागले की तो इंधन तोडतो. कार्बोरेटरवाले पेट्रोल इंजिन अशा वेळी ड्रायव्हरच्या पायावर अवलंबून असते आणि पाय चुकला की बंद पडते. चालवणाऱ्याला जी ‘ताकद’ वाटते तिचा बराचसा भाग हा असा आपोआप सांभाळलेला संथपणा असतो.

दुसरा नेहमीचा पर्याय म्हणजे महिंद्राचेच एमडीआय ३२००, ज्याला बाजारात नुसते ‘डीआय’ म्हणतात. या इंजिनाचे मूळ कांदिवलीत बनलेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनांच्या घराण्यात आहे. ते २५२३ सीसीचे असून त्याचा व्यास ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर आहे. ते खालच्या फेऱ्यांत खरोखर चांगले ओढते, डिझेल कमी खाते, जड आहे, आवाज करते आणि ३२०० फेऱ्यांच्या पुढे जायला नकार देते. तिसरा पर्याय पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याखाली बनवलेले २.४ लिटरचे ओएम ६१६. टेम्पो ट्रॅक्स गाड्यांमुळे ते सगळीकडे पोहोचले. ते दीर्घायुषी इंजिन म्हणून ओळखले जाते, पण महिंद्राच्या गिअरबॉक्सशी त्याचे काहीच नाते नसल्याने जोडणीचे काम वाढते.

आता हिशेब करू, कारण या कामात वहीपेन्सिल पान्याच्या आधी लागते. सीजे-३बीच्या मूळ ६.००-१६ टायरचा एक फेरा पूर्ण झाला की गाडी साधारण २.२ मीटर पुढे जाते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचे, प्रमाण ५.३८ आहे; चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला) ५.३८ फेरे घ्यावे लागतात. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे हरिकेन इंजिन ४००० फेऱ्यांवर असताना जीपचा वेग ताशी साधारण ९८ किलोमीटर होतो. त्याच गाडीत डीआय इंजिन घातले आणि बाकी काही बदलले नाही, तर ३२०० फेऱ्यांना वेग अवघा ७८ किलोमीटर होतो आणि तिथेच भिंत लागते. महामार्गावर मागून येणारा ट्रक हॉर्न देतो आणि मालक म्हणतो की इंजिन कमजोर निघाले. इंजिन कमजोर नसते. ते आपल्या मर्यादेपर्यंत फिरून दमलेले असते.

यावरचा उपाय म्हणजे क्राउन-पिनियन बदलणे. समजा, ५.३८ च्या जागी ४.२७ चे प्रमाण घातले, तर डीआय इंजिनाला ३२०० फेऱ्यांत पुन्हा सुमारे ९९ किलोमीटरचा वेग मिळतो, म्हणजे गाडी मूळ पेट्रोलच्या बरोबरीला येते. पण फुकट काहीच मिळत नाही. मूळ जीपमध्ये पहिल्या गिअरचे २.८०, ट्रान्सफर केसमधल्या (गिअरबॉक्सची फिरकी पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतल्या) लो गिअरचे २.४६ आणि हाउसिंगचे ५.३८ यांचा गुणाकार ३७ च्या आसपास येतो. ७५० फेऱ्यांवर ती ताशी पावणेतीन किलोमीटरने रांगते, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. ४.२७ घातल्यावर तोच गुणाकार २९ वर उतरतो आणि रांगण्याचा वेग साडेतीनच्या जवळ जातो. दगडांच्या ओढ्यात हा फरक पायाला कळतो. तरी डीआयची खालची ओढ चांगली असल्याने तो सोसवतो. प्यूजोचे उलट आहे. ते ४५०० पर्यंत फिरते, त्यामुळे ५.३८ वरही वेगाची अडचण येत नाही. मात्र त्याची ओढ कमी असल्याने जीपच्या मूळ तीन गिअरच्या बॉक्समध्ये दुसरा आणि तिसरा यांतल्या दरीत ते धापा टाकते. कंपनीने स्वतः एमएम ५४० मध्ये हे इंजिन दिले तेव्हा सोबत चार गिअरचा केएमटी-९० बॉक्स दिला, त्यामागचा विचार इथे लक्षात येतो.

क्राउन-पिनियन बदलताना एक गोष्ट पैसे वाचवण्यासाठी टाळली जाते आणि ती महागात पडते. प्रमाण पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही हाउसिंगमध्ये सारखेच हवे. फक्त मागचे बदलले तर दोन चाकांवर गाडी झकास चालते, पण फोर-व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात. चिखलात टायर घसरून तो फरक जिरतो. कोरड्या खडकावर तो जिरायला जागा नसते आणि ट्रान्सफर केसचे दात किंवा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. अशी अर्धवट गाडी विकत घेताना ओळखायची असेल, तर जमिनीवरची चाके अडवून आधी एक मागचे चाक आणि मग एक पुढचे चाक जॅकवर घ्यावे, ते हाताने ठरावीक फेरे फिरवावे आणि त्याच्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावे. हँडब्रेक सोडलेला आणि गिअर न्यूट्रलला हवा. दोन्हीकडे हिशेब सारखा आला पाहिजे.

पाच गिअरचा नवा बॉक्स घालणे हा आणखी एक मार्ग आहे आणि हौशी लोकांना तो फार आवडतो. मात्र सीजे-३बीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर केवळ ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर आहे. लांब इंजिन, त्यामागे लांब बॉक्स, त्यामागे ट्रान्सफर केस अशी रांग लावली की मागच्या प्रोपेलर शाफ्टला वीतभर जागा उरते, त्याचा कोन तीव्र होतो आणि क्रॉस वारंवार जातात. ही हौस लांब चासीच्या जीपमध्ये करावी.

आता प्रत्यक्ष जोडणी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच झाकणारे बेल हाउसिंग असते, आणि इंजिन दुसऱ्या कुळातले असेल तर त्या दोघांच्या मध्ये अडॅप्टर प्लेट करून घ्यावी लागते. जाड पोलादी पत्र्यावर दोन्हीकडच्या बोल्टांची भोके मारली की प्लेट झाली, असे दिसते. पण बोल्ट हे फक्त धरून ठेवण्यासाठी असतात. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आणण्याचे काम डॉवेल पिना करतात, आणि त्या पिनांची भोके अंदाजाने मारून चालत नाही. चांगला टर्नर हे असे तपासतो. फ्लायव्हीलवर चुंबकाच्या स्टँडने डायल गेज लावतो, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवतो आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवतो. काटा एकूण जितका हलतो त्याच्या निम्म्याने मध्य सरकलेला असतो. काटा ०.२ मिलिमीटर हलला तर मध्य ०.१ मिलिमीटरने चुकला, आणि एवढ्यावरच थांबायला हवे. मग तो सुई बेल हाउसिंगच्या मागच्या सपाट पृष्ठभागावर टेकवून पुन्हा फिरवतो, कारण मध्य बरोबर असूनही प्लेट तिरकी असू शकते. हे न केलेल्या जीपमध्ये इनपुट शाफ्टचे टोक पेलणारी नवी पायलट बेअरिंग काही महिन्यांत ओरडू लागते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि टॉप गिअर आपोआप बाहेर पडतो. गिअर बाहेर पडतो म्हणून बॉक्स उघडला जातो, नवे गिअर घातले जातात, तेही बाहेर पडतात. दोष बॉक्सच्या पुढे असतो.

क्लच प्लेटही जोडून घ्यावी लागते. तिचा घासणारा भाग नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या मापाचा आणि मधला हब गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या खाचांच्या, म्हणजे स्प्लाइनच्या, मापाचा हवा. इनपुट शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसे शिरते का, की अडॅप्टर प्लेटच्या जाडीमुळे ते बाहेरच राहिले, हे इंजिन चढवण्याआधी मोजायचे असते. इंजिन महिंद्राच्याच डिझेल जीपमधून त्याच्या स्वतःच्या बेल हाउसिंग आणि बॉक्ससह काढलेले असेल तर या परिच्छेदांतली बहुतेक डोकेदुखी टळते. म्हणूनच फक्त इंजिन न घेता ‘इंजिन, बॉक्स, अल्टरनेटर, रेडिएटर, वायरिंगसह’ असा संपूर्ण संच घेणे, आकडा मोठा दिसला तरी, शेवटी स्वस्त पडते.

इंजिन चासीत कुठे बसणार हे रेडिएटरकडून नव्हे, तर गिअरबॉक्सकडून ठरते. ट्रान्सफर केस आणि दोन्ही शाफ्ट जागेवर ठेवायचे असतील तर मागची बाजू पक्की झाली आणि इंजिनाचे नाक पुढे जिथे येईल तिथे येते. पंखा आणि रेडिएटर यांच्यात बोटभर जागा उरली नाही तर रेडिएटर पुढे सरकवावा. आडवा क्रॉस मेंबर कापून इंजिन मागे सरकवू नये, कारण जीपच्या शिडीसारख्या चासीचा पीळ तोच सांभाळतो. माउंटिंगचे ब्रॅकेट जागेवर टाके मारून लावावे, पुढचे हाउसिंग जॅकने रबरी बंपला टेकेपर्यंत वर उचलून पाहावे आणि इंजिनाच्या ऑइल चेंबरला ते कुठे लागत नाही याची खात्री झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग करावे. आपल्या जीपचे स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते पाहून, नव्या इंजिनाचा सायलेन्सरचा फाटा किंवा डिझेल पंप कोणत्या बाजूला आहे हे इंजिन विकत घेतानाच बघायला हवे. पुढचे पाटे जड इंजिनाने बसतात. एखादे पान वाढवावे लागते. रेडिएटरबद्दल इतकेच की प्यूजो आणि ओएम ६१६ यांच्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटते आणि त्या कप्प्याच्या भिंतींतून बरीच उष्णता पाण्यात जाते. अशी इंजिने तापली की हेडला तडा जातो. जुन्या पेट्रोलच्या अर्धवट बुजलेल्या रेडिएटरवर ती सोडू नयेत.

सहज विसरल्या जाणाऱ्या गोष्टी मात्र इंजिनाच्या आजूबाजूला असतात. पेट्रोल इंजिन झडपेने हवा अडवते म्हणून त्याच्या इनटेकमध्ये निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतो आणि जुन्या जीपचा वायपर त्याच व्हॅक्यूमवर चालत असे. डिझेल इंजिनात तो जवळजवळ नसतोच. त्यामुळे सगळे काम सुरेख झालेली जीप पहिल्या पावसात घाटात येते आणि वायपर हलत नाही. इलेक्ट्रिक वायपर बसवावा. ब्रेकला बूस्टर लावलेला असेल तर अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर घ्यावा आणि त्या पंपाला इंजिनाच्या ऑइलची नळी पोहोचते का ते पाहावे. ऑइलशिवाय तो पंप फार दिवस टिकत नाही, आणि तो गेला की ब्रेक एकदम दगडासारखा होतो.

चावी फिरवून पेट्रोल इंजिन बंद होते, कारण ठिणगी थांबते. डिझेलला ठिणगीच नसते. ते थांबवायला इंधन तोडावे लागते. त्यासाठी डॅशबोर्डवर ओढायची तार किंवा पंपावर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) हवा, आणि मी तारेच्या बाजूचा आहे, कारण ती बिघडली तर दिसते. इंजिन फार झिजलेले असून स्वतःचेच ऑइल ओढून पळू लागले, तर तार ओढूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड फळीने किंवा जाड पाटीने बंद करावे, हाताने कदापि नाही. गाडी उभी असेल तर टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडणे हाही मार्ग आहे.

विजेचे काम कमी लेखले जाते. फार जुन्या जीप सहा व्होल्टच्या आहेत. डिझेलसाठी बारा व्होल्ट, मोठी बॅटरी आणि जाड केबल लागते. पेट्रोलच्या हरिकेनमध्ये हवा साधारण सातपट दाबली जाते, प्यूजोमध्ये वीसपटीहून जास्त. सेल्फला किती जोर लागत असेल याचा यावरून अंदाज यावा. त्यात सकाळच्या थंडीत हीटर प्लग वेगळा प्रवाह खातात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून इंजिन ते चासी अशी जाड अर्थिंगची पट्टी स्वतंत्र लावावीच लागते. ती राहून गेली तर सेल्फचा सगळा प्रवाह मिळेल त्या वाटेने परत जातो. ती वाट बहुधा ॲक्सिलरेटरच्या केबलची असते. केबल तापते, आतले प्लास्टिक वितळते आणि ॲक्सिलरेटर अडकून बसतो, तोही इंजिन नुकतेच सुरू झाल्यावर.

इंधनाच्या बाजूला पेट्रोलची टाकी आतून स्वच्छ धुऊन घेणे, नोझलकडून परत येणाऱ्या डिझेलसाठी टाकीपर्यंत दुसरी नळी टाकणे आणि वाटेत पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे ही कामे आहेत. पंपाच्या आतले भाग इतक्या बारीक अंतराने बसवलेले असतात की टाकीतला गंज तिथे गेला तर दुरुस्तीला संपूर्ण पंप उघडावा लागतो. सांध्यातून हवा शिरत असेल तर डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, गाडी फक्त सकाळी सुरू होत नाही. तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. पाण्यातून गाडी घालणाऱ्यांना डिझेलचा एक खरा फायदा आहे: भिजून बंद पडायला डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी उरत नाहीत. पण हवेच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर पिस्टनला ते दाबता येत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

इतके सगळे नीट जमले तरी कायदा उरतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले, ज्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा मान्यताप्राप्त किटसाठी वाट ठेवलेली आहे. भंगारातून उचललेल्या डिझेल इंजिनाला ती मान्यता नसते. चाचण्या घेऊन अशी मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय ही पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे, परंतु ती प्रक्रिया एखाद्या मालकाच्या एकट्या जीपसाठी आखलेली नाही. पीयूसीलाही हेच अडते: पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड मोजतात, डिझेल गाडीचा धूर, आणि नोंदीत इंधन पेट्रोल असेल तर धुराची चाचणी कशाच्या नावावर करायची? अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघते.

म्हणून आज ज्याला डिझेल जीपच हवी आहे, त्याने जिच्या आरसी बुकात पूर्वीच रीतसर डिझेलची आणि नव्या इंजिन नंबरची नोंद झाली आहे अशी गाडी शोधावी आणि तो नंबर ब्लॉकवर स्वतः वाचून पाहावा. त्याहून सोपे म्हणजे कारखान्यातूनच डिझेल निघालेली सीजे-५००डी, एमएम ५४०, एमएम ५५० किंवा मेजर घ्यावी. तिच्यात वर सांगितलेले एकही गणित आपल्याला करावे लागत नाही, कारण ते कंपनीने केलेले आहे.

खर्चाचेही बघू. समजा, पेट्रोल जीप लिटरला ८ आणि डिझेल झालेली १२ किलोमीटर देते. वर्षाला ५००० किलोमीटर फिरणाऱ्याला ६२५ लिटर पेट्रोल किंवा ४१७ लिटर डिझेल लागेल. पेट्रोल १०३ आणि डिझेल ९० रुपये धरले तर वर्षाला सुमारे सत्तावीस हजार रुपये वाचतात. पण हौसेची जीप वर्षाला दीड हजार किलोमीटर फिरली तरी पुष्कळ. तिथे बचत आठ हजारांवर येते. तेवढ्यात इंजिनाचा संच, अडॅप्टर, क्लच, रेडिएटर आणि दोन हाउसिंगचे क्राउन-पिनियन यांची भरपाई व्हायला किती वर्षे लागतील हे ज्याचे त्याने मोजावे. २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटल्यापासून दोघांतली जुनी दरी उरलेली नाही, आणि ज्या कारणाने हा उद्योग सुरू झाला त्या कारणाचा जोर तेव्हाच ओसरला.

पन्नास वर्षांहून जुनी पेट्रोल सीजे-३बी ज्याच्याकडे आहे त्याला माझा सल्ला वेगळा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, अर्थात रोजच्या वापराची मुभा नसते. डिझेल इंजिन बसवले की ही वाट बंद होते. हरिकेन इंजिन आपल्याकडे इतकी वर्षे बनले की त्याचे पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह आजही शोधले तर मिळतात. कार्बोरेटर आणि इग्निशन नीट करून, झिजलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलून ते इंजिन आधी एकदा जसे चालायला हवे तसे चालवून पाहावे. डिझेलची गरज वाटणाऱ्या पुष्कळ मालकांनी ते कधी धड अवस्थेत चालवलेलेच नसते.

आणि ज्यांच्या जीपमध्ये मागच्या पिढीनेच डिझेल घातले आहे, पण मूळ पेट्रोल इंजिन घराच्या पडवीत किंवा गोठ्यात पडून आहे, त्यांनी ते भंगारात देऊ नये. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, प्लग परत बसवावेत, कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडे कापड कोंबून बंद करावीत, ब्लॉकवरच्या नंबरला ग्रीस फासावे, इंजिन जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर ठेवावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्रँक हाताने अर्धा फेरा फिरवावा.